कसरतपटूची घडण आणि दूरचें ध्येय



लहान मुलीला कसरतीच्या वर्गांत घालतांना आईबाप शिक्षकाला जो पहिला प्रश्न विचारतात, तो बहुधा 'ही स्पर्धेला केव्हां उतरेल ?' असाच असतो. प्रश्न स्वाभाविक आहे. मुलीला रोज नेणाऱ्याआणणाऱ्यांस तो विचारण्याचा अधिकारहि आहे. परंतु या 'केव्हां'चें उत्तर देण्यापूर्वीं शिक्षकानें स्वतःच्या मनाशीं दुसऱ्या एका प्रश्नाचा निकाल लावलेला असला पाहिजे. तो प्रश्न असा कीं, या मुलीचें परमोच्च कौशल्य तिच्या वयाच्या कोणत्या वर्षीं दिसावें अशी आपली इच्छा आहे ? चौदाव्या वर्षीं, कीं चोविसाव्या ? वरवर पाहतां हा केवळ दहा वर्षांचा फरक. पण तेवढ्या फरकानें आज संध्याकाळीं तिच्याकडून काय करून घ्यावयाचें, किती करून घ्यावयाचें आणि कोठें थांबावयाचें, हें सारें बदलून जातें. ज्या विद्येला जगभर जिम्नॅस्टिक्स म्हणतात, तिच्या गेल्या शंभर वर्षांच्या इतिहासांत या प्रश्नाचीं दोन्ही उत्तरें देऊन झालेलीं आहेत, आणि दोहोंचेहि परिणाम नोंदले गेले आहेत. तो इतिहास आज आपल्यापुढें थोडक्यांत ठेवण्याचा माझा विचार आहे.

या विद्येचा आरंभ पदकांपासून झालेला नाहीं, ही गोष्ट प्रथम ध्यानांत घेतली पाहिजे. जर्मनींतील श्नेपफेन्थाल येथील शाळेंत गुट्समुथ्स नांवाचे एक शिक्षक होते. त्यांनीं इ. स. १७९३ सालीं तरुणांच्या व्यायामावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढें १८११ सालीं फ्रीड्रिख लुडविग यान यांनीं बर्लिनच्या हाझेनहायडे भागांत उघड्या मैदानावर व्यायामशाळा काढली; आपण ज्याला डबल बार म्हणतों, तें साधन प्रचारांत आणण्याचें श्रेय त्यांनाच देतात. नेपोलियनपुढें नमलेल्या राष्ट्राचे तरुण सुदृढ आणि निर्भय व्हावे, एवढाच त्यांचा हेतु होता. १८८१ सालीं आंतरराष्ट्रीय संघ स्थापन झाला, आणि १८९६ सालीं अथेन्स येथें भरलेल्या पहिल्या ऑलिंपिक सामन्यांत कसरतीला स्थान मिळालें. शरीर घडविणें आणि गुण मिळविणें हीं दोन ध्येयें तेव्हांपासून एकाच छपराखालीं नांदूं लागलीं. तीं नेहमीं गुण्यागोविंदानें नांदलीं असें मात्र म्हणतां येत नाहीं.

स्त्रियांना ऑलिंपिकमध्यें सांघिक कसरतीसाठीं प्रथम प्रवेश मिळाला तो १९२८ सालीं, अॅम्स्टरडॅम येथें. त्या वर्षीं दुसऱ्या आलेल्या इटालियन संघांत लुइजिना जावोत्ती नांवाची एक मुलगी होती. तिला बारा वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं. परंतु हा अपवाद होता. १९५२ सालीं हेल्सिंकी येथें स्त्रियांसाठीं वैयक्तिक स्पर्धा सुरू झाल्या, तेव्हां सर्वसाधारण विजेतेपद मिळविणारी मारिया गोरोखोव्हस्काया ही तीस वर्षांची होती. त्याच वेळीं हंगेरीची आग्नेश केलेती ही एकतिसाव्या वर्षीं आपलें पहिलें ऑलिंपिक खेळत होती. १९४० व १९४४ चे सामने महायुद्धानें गिळले. ती ज्यू असल्यामुळें युद्धकाळांत तिला लपून राहावें लागलें आणि तिचे वडील आउश्विट्झ येथें मारले गेले. १९४८ सालीं दुखापत आडवी आली. इतकें सोसूनहि १९५६ सालीं मेलबर्न येथें, पस्तिसाव्या वर्षीं, तिनें चार सुवर्णपदकें मिळविलीं. २०२५ च्या जानेवारींत ती वारली, तेव्हां ती एकशें तीन वर्षांची होती.

तिच्यामागून आलेली सोव्हिएट रशियाची लारिसा लातिनिना हिनें १९५६ पासून १९६४ पर्यंतच्या तीन ऑलिंपिकांत मिळून अठरा पदकें जिंकलीं, त्यांपैकीं नऊ सुवर्णाचीं. १९५८ सालच्या मॉस्को येथील जागतिक स्पर्धेंत तर ती गर्भवती असतांना उतरली आणि पांच सुवर्णपदकें घेऊन गेली. चेकोस्लोव्हाकियाची व्हेरा चास्लाव्हस्का हिनें १९६४ व १९६८ अशा दोन्ही वेळीं सर्वसाधारण विजेतेपद पटकावलें. दुसऱ्या वेळीं ती सव्वीस वर्षांची होती. तात्पर्य, त्या काळीं स्त्रियांची कसरत ही खरोखरच वाढलेल्या स्त्रियांची कला होती. प्रेक्षक तीकडे पाहत, ते नृत्याकडे पाहावें तसे : तोल, डौल आणि देहावरील प्रभुत्व यांसाठीं.

मग पालट कसा झाला ? १९७२ सालीं म्युनिक येथें ओल्गा कोर्बुत ही सतरा वर्षांची, परंतु दिसावयास त्याहूनहि लहान अशी मुलगी पुढें आली. सर्वसाधारण विजेतेपद तिच्याच देशाच्या ल्युद्मिला तुरिश्चेवा हिला मिळालें. पण दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या जगाच्या मनांत ठसली ती ओल्गाची धाडसी उडी आणि तिचें हंसणें. चार वर्षांनीं, १८ जुलै १९७६ रोजीं, माँट्रियल येथें रुमानियाच्या नादिया कोमानेची हिला असमान बारवरील कामासाठीं दहांपैकीं दहा गुण मिळाले. ऑलिंपिकमध्यें पूर्वीं असें कधीं घडलेंच नव्हतें, म्हणून गुणफलकावर दहाचा आंकडा दाखविण्याची सोयच केलेली नव्हती, फलकावर १.०० असा आंकडा उमटला. त्या सामन्यांत तिला सात वेळां दहा गुण मिळाले आणि तिनें तीन सुवर्णपदकें मिळविलीं. तिचें वय त्या वेळीं चौदा वर्षें आठ महिने होतें.

नादियाला कमी लेखण्याचा माझा हेतु नाहीं. वयाच्या सहाव्या वर्षापासून तिनें केलेली साधना अस्सल होती, आणि १९८० सालीं मॉस्को येथें अठराव्या वर्षीं पुनः दोन सुवर्णपदकें मिळवून तिनें आपण केवळ बाल्याचा चमत्कार नव्हतों हें सिद्ध केलें. परंतु जगानें तिच्यापासून जो धडा घेतला तो वेगळाच होता. लहान शरीर हवेंत अधिक वेगानें फिरतें, कारण वजन मध्याजवळ राहतें. स्वतःच्या भाराच्या मानानें त्याची शक्ति अधिक भरते. आणि दहा सेंटिमीटर रुंदीच्या तुळईवर लहान पाऊल अधिक निश्चिंतपणें पडतें. हें पदार्थविज्ञान खरें आहे. त्यांतून अनेक शिक्षकांनीं काढलेलें अनुमान मात्र भलतेंच होतें. शरीर वाढूं लागण्याच्या आंत काय तें पदरांत पाडून घ्यावें, असें तें अनुमान. वाढ ही ज्या विद्येंत वैरीण ठरते, त्या विद्येचा शिक्षक मुलाचा हितकर्ता कसा राहणार ?

या घाईचें सर्वांत दारुण उदाहरण येलेना मुखिना हिचें आहे. १९६० सालीं मॉस्कोंत जन्मलेल्या या मुलीची आई ती लहान असतांनाच वारली आणि आजीनें तिला वाढविलें. १९७८ सालीं स्ट्रासबुर्ग येथें तिनें जागतिक सर्वसाधारण विजेतेपद मिळविलें. पुढच्याच वर्षीं तिचा पाय मोडला. मॉस्कोचें ऑलिंपिक जवळ आलें होतें. पाय पुरता सांधण्याची वाट पाहण्यास कोणालाच सवड नव्हती. त्याच अवस्थेंत तिच्या कार्यक्रमांत एक नवी उडी घालण्यांत आली : पुरुषांच्या कसरतींतून घेतलेली ही उडी पायांवर न संपतां लोळणीनें संपत असे, आणि वर्तुळ थोडें जरी अपुरें पडलें तरी मान जमिनीवर येई. या उडीनें आपली मान मोडेल, ही भीति तिनें बोलूनहि दाखविली होती. ३ जुलै १९८० रोजीं, सामन्यास दोन आठवडे उरले असतां, मिन्स्क येथील सरावांत तेंच घडलें. विसाव्या वर्षीं तिचें सर्वांग लुळें पडलें आणि २००६ सालीं वारेपर्यंत ती अंथरुणाला व चाकाच्या खुर्चीला खिळून राहिली. पुढें ही उडी स्त्रियांच्या कसरतींत निषिद्ध ठरली.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेवावयास हवी. मुखिना बालिका नव्हती. ती वीस वर्षांची होती. म्हणजे दोष केवळ कोंवळ्या वयाचा नव्हता. दिवस अगोदर ठरला आणि शरीरानें त्या दिवसाशीं जुळवून घ्यावें असा हट्ट धरला गेला, हा खरा दोष होता. दूरचें ध्येय याचा अर्थ दूरची तारीख असा नव्हे. दूरचें ध्येय म्हणजे, शरीराची तयारी आणि स्पर्धेचा दिवस यांचा विरोध आला असतां दिवस सोडून देण्याची मनाची तयारी.

आंतरराष्ट्रीय संघाला या गोष्टीची जाणीव झाली नाहीं असें नाहीं. मोठ्यांच्या स्पर्धेंत उतरण्याचें किमान वय पूर्वीं चौदा होतें. तें १९८१ सालीं पंधरा आणि १९९७ सालीं सोळा करण्यांत आलें. परंतु नियम कागदावर बदलला तरी लोभ तसाच उरतो. सिडनी येथील २००० सालच्या ऑलिंपिकांत चिनी संघानें कांस्यपदक मिळविलें होतें. संघांतील दोंग फांगश्याओ ही त्या वेळीं चौदाच वर्षांची असल्याचें पुढें सिद्ध झालें आणि २०१० सालीं तें पदक काढून घेऊन अमेरिकेला देण्यांत आलें. मुलीचें वय खोटें लिहिणारी माणसें तिच्या शरीराविषयीं खरें बोलत असतील, अशी आशा कोणीं बाळगावी ?

शिवाय नियमांच्या पलीकडील जखमाहि होत्या. अमेरिकेची क्रिस्टी हेन्रिच ही गुणी मुलगी वजन कमी ठेवण्याच्या ध्यासांतून जडलेल्या अन्नद्वेषाच्या रोगानें १९९४ सालीं, बाविसाव्या वर्षीं मरण पावली. २०१८ सालीं त्याच देशाच्या राष्ट्रीय संघाचा वैद्य लॅरी नासर याला शिक्षा सुनावण्यांत आली, तेव्हां त्यानें केलेल्या लैंगिक अत्याचारांविषयीं दीडशेंहून अधिक स्त्रियांचीं निवेदनें न्यायालयापुढें आलीं. २०२२ सालीं ब्रिटनमध्यें अॅन व्हाइट यांनीं केलेल्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांतहि मुलांना दुखापतींत खेळविणें, वजनावरून हिणविणें, अन्नपाण्यावर बंधनें घालणें, अशा गोष्टींची नोंद आहे. मूल बोलत नाहीं तेथें अत्याचार वाढतो. आणि 'शिक्षक सांगेल तें निमूटपणें कर' या एकाच मंत्रावर वाढविलेलें मूल बोलणार तरी कसें? एकनिष्ठ आज्ञापालन हा शिस्तीचा कळस आहे, अशी आम्हां शिक्षकवर्गाची जुनी समजूत आहे. ती तपासून पाहण्यास हीं प्रकरणें पुरेशीं आहेत.

आतां शरीरशास्त्र काय सांगतें तें थोडक्यांत पाहूं. मुलांच्या लांब हाडांच्या टोकांशीं वाढीचा एक मऊ थर असतो. हाड लांबतें तें तेथून. मनगटावर वारंवार देहाचा भार पडला कीं या थराला इजा पोंचते. कंबर पुनःपुनः मागें वाकविल्यानें मणक्याच्या मागील भागाला बारीक भेग जाऊं शकते. त्यांतून मुलींची उंची बहुधा बाराव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलग्यांची चौदाव्या वर्षाच्या सुमारास अतिशय वेगानें वाढते. त्या काळांत हातपाय लांबतात, पण त्या लांबीला पुरणारें बळ मागाहून येतें. कालपर्यंत सहज साधणारी उडी आज चुकूं लागते. अडाणी शिक्षक याला आळस म्हणतो. जाणता शिक्षक त्या वर्षीं नव्या उड्यांचा नाद सोडतो, आदळणाऱ्या कामाची संख्या उतरवितो, आणि शक्ति, लवचिकपणा व जुन्या पाठाची सफाई एवढ्यावरच समाधान मानतो. हें एक वर्ष ज्याला थांबतां आलें, त्याचा शिष्य पुढें दहा वर्षें टिकण्याचा संभव असतो.

यावरून दूरच्या ध्येयाची आंखणी कशी असावी तें उघड होईल. सातआठ वर्षांपर्यंत मूल पळावें, लोंबकळावें, लोळावें, आणि विशेषतः पडावें कसें तें शिकावें. कारण सुरक्षितपणें पडतां येणें हीच या विद्येची बाराखडी आहे. पुढील तीनचार वर्षें मूळाक्षरें घटवावयाचीं : हातांवर सरळ उभें राहणें, पोट आंत घेऊन अंग ताठ ठेवणें, दोन्ही पायांवर न डगमगतां उतरणें. या वर्षांचें ध्येय पदक नव्हे. कोंपर न वाकवितां अर्धा मिनिट हातांवर उभें राहतां यावें, हेंच ध्येय. त्यानंतर वाढीचीं वर्षें. तीं वर सांगितल्याप्रमाणें जपून काढावयाचीं. अवघड उड्या अगोदर मऊ गादीवर व फोमच्या तुकड्यांनीं भरलेल्या खड्ड्यांत पक्क्या करावयाच्या, आणि मगच कठीण जमिनीवर आणावयाच्या. पंधरासोळाव्या वर्षांनंतर उच्च स्पर्धेचा विचार. आणि तोहि शिष्याच्या स्वतःच्या इच्छेनें. आंतरराष्ट्रीय संघानें वयोगटांप्रमाणें जो शिक्षणक्रम आंखला आहे, त्यांतहि शरीरक्षमतेची आणि मूलभूत तंत्राची चांचणी स्पर्धेहून वेगळी ठेवलेली आढळते. व्याकरणाची परीक्षा वेगळी आणि निबंधाची वेगळी. पहिली न देतां दुसरीला बसविलेला विद्यार्थी पाठांतरावर एकदां पास होतो, दुसऱ्यांदा नाहीं.

कोणी म्हणेल, 'हें ऐकावयास गोड आहे. पण लवकर सुरुवात केल्यावांचून या खेळांत कोणी वर आलें आहे काय?' आक्षेप खरा आहे. नादियानें सहाव्या वर्षीं आरंभ केला. जपानचा कोहेई उचिमुरा यानें तर नागासाकी प्रांतांत आईबापांनीं चालविलेल्या व्यायामशाळेंत तिसऱ्या वर्षीं. अमेरिकेच्या सिमोन बाइल्सनेंहि सहाव्या वर्षीं. परंतु लवकर आरंभ आणि लवकर शेवट या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि आपली फसगत होते ती या दोहोंची गल्लत केल्यामुळें. तिसऱ्या वर्षीं सुरुवात करणारा उचिमुरा एकोणिसाव्या वर्षीं, २००८ सालीं, ऑलिंपिकमध्यें दुसरा आला. त्यानंतर २००९ पासून २०१६ पर्यंत सहा जागतिक आणि दोन ऑलिंपिक सर्वसाधारण विजेतेपदें त्यानें मिळविलीं. दुसऱ्या ऑलिंपिक विजयाच्या वेळीं तो सत्तावीस वर्षांचा होता. बुखारा येथें जन्मलेली ओक्साना चुसोवितिना हिनें १९९२ सालीं बार्सिलोना येथें सांघिक सुवर्णपदक मिळविलें. पुढें मुलाला रक्ताचा कर्करोग झाला, तेव्हां त्याच्या उपचारांसाठीं ती जर्मनींत गेली, आणि २००८ सालीं तेहतिसाव्या वर्षीं त्या देशासाठीं तिनें व्हॉल्टमध्यें रौप्यपदक आणलें. २०२१ सालीं टोकियो येथें ती आपल्या आठव्या ऑलिंपिकांत उतरली, तेव्हां तिचें वय छेचाळीस होतें.

दोन प्रसंग शेजारीं ठेवून पाहण्यासारखे आहेत. १९९६ सालीं अटलांटा येथें केरी स्ट्रग हिचा घोटा पहिल्याच उडींत दुखावला; तरीहि ती दुसऱ्यांदा धावली, एका पायावर उतरली आणि कोसळली. जगानें टाळ्या वाजविल्या. गुणांची बेरीज केल्यावर दिसून आलें कीं, ती उडी न मारतांहि संघ जिंकलाच असता. पंचवीस वर्षांनीं, २०२१ सालीं टोकियो येथें, हवेंत फिरतांना आपण कोठें आहों याचें भान हरपतें आहे असें जाणवतांच सिमोन बाइल्सनें सांघिक अंतिम सामन्यांतून अंग काढून घेतलें. तिच्यावर टीकाहि झाली. परंतु तीच सिमोन २०२४ सालीं पॅरिसला परत आली आणि सत्ताविसाव्या वर्षीं सर्वसाधारण विजेतेपदासह तीन सुवर्णपदकें घेऊन गेली. १९५२ सालच्या गोरोखोव्हस्कायानंतर इतक्या वयाची सर्वसाधारण विजेती झालीच नव्हती. त्याच ठिकाणीं जमिनीवरील कसरतींत तिला मागें टाकणारी ब्राझिलची रेबेका आंद्रादे ही गुडघ्याच्या तीन शस्त्रक्रिया सोसून आलेली पंचवीस वर्षांची तरुणी होती. बहात्तर वर्षांनीं ही विद्या पुनः वाढलेल्या स्त्रियांच्या हातीं आली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आपल्या देशाकडे वळलें असतां त्रिपुरांतील अगरतळ्याची दीपा कर्मकार डोळ्यांपुढें येते. १९९३ सालीं जन्मलेल्या दीपाचे वडील वजन उचलण्याच्या खेळाचे शिक्षक. तिचे तळपाय सपाट होते. उडी मारून उतरणाऱ्यास हें मोठेंच व्यंग. प्रशिक्षक बिश्वेश्वर नंदी यांनीं तें व्यंग सराव करून बरेंचसें सुधारून घेतलें. साधनांची अडचण इतकी कीं, आरंभीं जुन्या स्कूटरच्या सुट्या भागांपासून उभारलेल्या तात्पुरत्या साधनावर सराव चाले. २०१४ सालीं ग्लासगो येथें तिनें राष्ट्रकुल सामन्यांत कांस्यपदक मिळविलें. तेथवर मजल मारणारी ती पहिली भारतीय स्त्री कसरतपटू. १९६४ नंतर एकहि भारतीय कसरतपटू ऑलिंपिकला गेला नव्हता. २०१६ सालीं ती गेली आणि व्हॉल्टच्या अंतिम स्पर्धेंत १५.०६६ गुण मिळवून चौथी आली. तिसऱ्या क्रमांकाला १५.२१६ गुण होते. केवळ ०.१५० गुणांनीं पदक हुकलें.

त्या वेळीं तिनें निवडलेली प्रोदुनोव्हा नांवाची उडी, हातांवरून उसळून हवेंत पुढील बाजूस दोन कोलांट्या घेण्याची, जगांतील अत्यंत धोक्याच्या उड्यांपैकीं एक आहे. ती निवडण्यामागें हिशेब होता : अवघडपणाचे सात गुण अन्य मार्गानें मिळण्यासारखे नव्हते. हा दूरदर्शीपणा कीं घाई, यावर जाणत्यांत मतभेद आहेत. २०१७ सालीं तिच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया करावी लागली, हेंहि सांगितलें पाहिजे. निषिद्ध द्रव्याच्या प्रकरणीं एकवीस महिन्यांची बंदीहि तिनें भोगली. तरीहि गुरुशिष्यांनीं हात सोडला नाहीं. २०२४ च्या मे महिन्यांत ताश्कंद येथें, तिसाव्या वर्षीं, तिनें आशियाई स्पर्धेंत व्हॉल्टचें सुवर्णपदक मिळविलें; असें पदक कोणा भारतीयाला पूर्वीं मिळालें नव्हतें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ती निवृत्त झाली. रिओच्या चौथ्या क्रमांकावरच पडदा पडला असता, तर ताश्कंद उजाडलेंच नसतें.

महाराष्ट्राला ही दृष्टि परकी नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांनीं मल्लखांबाला नवें रूप दिलें, असें आपल्याकडे मानतात. मल्लखांब हा मूळचा मल्लाच्या तयारीचा खांब. खांबावरची चपळाई कुस्तींत उपयोगी पडावी म्हणून त्याची योजना. साध्या अढीपासून आरंभ करून तेढी, बगली, दसरंग, फिरकी, सुईदोरा असा पायरीपायरीनें तो चढतो. त्यांत साधन आणि साध्य यांची गल्लत होण्यास फारशी जागा नव्हती. खांब हें साधन, देह हें साध्य. १९१४ सालीं स्थापन झालेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचें पथक १९३६ सालीं बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं आपले देशी खेळ दाखवून आलें, आणि २०१९ सालीं मुंबईंत शिवाजी पार्कवर मल्लखांबाची जागतिक स्पर्धाहि भरली. स्पर्धा वाढल्या हें चांगलेंच झालें. मात्र स्पर्धेबरोबर तिचे मोहहि येतात. दहावी-बारावीच्या परीक्षेंत खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात. तीं गुणपत्रकें हातीं पडलीं कीं मुलगी आखाड्यांत दिसेनाशी होते, असा प्रकार घडूं नये. गुण हें त्या मुलीच्या कष्टांचें बक्षीस असावें. तिच्या व्यायामाची इतिश्री असूं नये.

आतां शेवटीं, ज्यांच्या घरांतील मुलें आज अशा वर्गांत जात आहेत, त्यांच्याशीं दोन शब्द. वर्ग निवडतांना भिंतीवरील चषक मोजूं नका. तेथें अठरावीस वर्षांचीं जुनीं मुलेंमुली अजून येतात काय, तें पाहा. शिक्षणाचा खरा अहवाल तोच. मूल दुखतें म्हणालें असतां शिक्षक थांबतो काय, तें पाहा. मुलीच्या वजनाविषयीं चारचौघांत बोलणाऱ्याच्या हातीं ती देऊं नका. सराव चालू असतांना आईबापांना दार मोकळें आहे कीं नाहीं, तेंहि विचारा. आणि घरीं आल्यावर 'कितवा नंबर आला ?' असें विचारण्यापूर्वीं 'आज नवें काय जमलें ?' असें विचारीत जा.

शिक्षकांनाहि एवढीच विनंति कीं, त्यांनीं आपल्या प्रत्येक लहान शिष्येच्या नांवापुढें ती पंचवीस वर्षांची होईल तें साल लिहून ठेवावें. त्या सालीं ती ऑलिंपिकला असेल, किंवा नसेल; बहुतेक नसेलच, कारण तेथें पोंचणारीं माणसें हाताच्या बोटांवर मोजण्याइतकींच असतात. परंतु त्या सालीं तिचीं मनगटें दुखत नसावींत, तिची कंबर ताठ असावी, आणि आखाड्याच्या तांबड्या मातीचा वास आला असतां तिच्या मनांत भय नव्हे, आनंद जागा व्हावा. हें जमलें, तर जिला उंच जावयाचें आहे तिचा मार्ग त्यानें अडत नाहीं. आणि जी उंच जाणार नाहीं, तिचेंहि कांहीं गमावलें असें होत नाहीं.